उभ्या कॅम्परव्हॅनच्या बॅटऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅम्परव्हॅन काही आठवडे किंवा काही महिने उभी राहणार असेल, तर तिच्या बॅटऱ्यांचे काय करावे, याविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सर्व आकडे १२ व्होल्टच्या यंत्रणेचे आहेत. आपल्या बॅटरीच्या माहितीपुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल, तर तोच प्रमाण मानावा.

१. व्हॅनमध्ये दोन बॅटऱ्या कशासाठी असतात, आणि गाडी उभी असताना काळजी कोणत्या बॅटरीची घ्यायची?

दोन्हींची घ्यावी लागते. स्टार्टर बॅटरीने इंजिनाला काही सेकंदच, पण शेकडो अँपिअर करंट द्यायचा असतो. त्यासाठी तिच्यात पातळ प्लेटा पुष्कळ संख्येने बसवलेल्या असतात, आणि बॅटरी खोलवर उतरली की या प्लेटा लवकर निकामी होतात. हाऊस बॅटरी दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज, पंखा यांना तासन्‌तास थोडा थोडा करंट पुरवते. तिच्या प्लेटा जाड असतात आणि उतरणे-चढणे ती अधिक सोसते. गाडी उभी करताना सगळ्यांचे लक्ष हाऊस बॅटरीकडे असते. मात्र दोन महिन्यांनी किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येतो तो बहुधा स्टार्टर बॅटरीमुळे, कारण अलार्म, इमोबिलायझर (चोरीपासून बचावासाठी इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) आणि गाडीचा संगणक तिच्यावरच पोसले जातात. तिच्यासाठीची व्यवस्था प्रश्न १० मध्ये दिली आहे.

२. गाडी वापरातच नाही, तर बॅटरी उतरते कशी?

दोन वाटांनी. पहिली वाट रासायनिक आहे: काहीही न जोडता ठेवलेली बॅटरीदेखील आपोआप उतरत असते. साधारण तापमानात पाणी घालावी लागणारी शिसे-आम्ल बॅटरी महिन्याला सुमारे ३ ते ५ टक्के, तर एजीएम (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेली, पाणी घालावे न लागणारी शिसे-आम्ल बॅटरी) आणि लिथियम बॅटरी त्याहून कमी उतरते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो.

दुसरी वाट वायरिंगची आहे आणि खरा खड्डा तिथेच पडतो. समजा, सगळे बंद केल्यावरही गाडी ५० मिलिअँपिअर करंट घेत आहे. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण दिवसाचे १.२ अँपिअर-तास आणि महिन्याचे ३६ अँपिअर-तास होतात, म्हणजे ७० अँपिअर-तासांची स्टार्टर बॅटरी एका महिन्यात निम्मी रिकामी. त्यात गॅस-सूचक यंत्र, ट्रॅकर किंवा चालू राहिलेला इन्व्हर्टर यांची भर पडली, तर महिन्याऐवजी आठवड्यांचा हिशोब करावा लागतो.

३. उतरली तर उतरली. पुन्हा चार्ज केली की झाले. त्यात नुकसान कसले?

शिसे-आम्ल बॅटरीचे खरे दुखणे हेच आहे. गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये ही बॅटरी तयार केली, आणि तिची मूळ रसायनक्रिया आजही तीच आहे: बॅटरी उतरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमते आणि चार्ज होताना ते पुन्हा विरघळते. ताजे सल्फेट बारीक, मऊ कणांचे असते, म्हणून सहज विरघळते. तेच काही आठवडे प्लेटांवर बसून राहिले की त्याचे मोठे, टणक स्फटिक बनतात. हे स्फटिक साध्या चार्जिंगने निघत नाहीत, आणि जेवढा पृष्ठभाग ते व्यापतात तेवढी क्षमता कायमची जाते.

म्हणूनच रोज वापरली जाणारी आणि रोज पूर्ण भरली जाणारी बॅटरी अनेक वर्षे चालते, तर वापराविना अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहिलेली बॅटरी एका मोसमात जाऊ शकते. या संपूर्ण पानावरचा एकच नियम लक्षात ठेवायचा असेल, तर तो हा: शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरूनच गाडी उभी करावी आणि ती भरलेलीच राहील अशी सोय करावी. लिथियम बॅटरीला हा नियम लागू नाही (प्रश्न १२).

४. बॅटरी किती भरली आहे हे व्होल्टमीटरवरून कसे ओळखावे?

बॅटरी विश्रांतीत असतानाच मोजावे. तिला कोणताही चार्जर किंवा भार न जोडता किमान चार-पाच तास, शक्यतो रात्रभर ठेवावे. त्यानंतर १२.७ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ ला सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ ला निम्मी, १२.० ला जेमतेम पाव, आणि ११.८ किंवा त्याखाली रिकामी समजावी. एजीएम बॅटरीचे आकडे किंचित वर असतात. पूर्ण भरल्यावर १२.८ किंवा थोडे अधिक.

सर्वाधिक फसगत चार्जर काढल्याबरोबर मोजण्याने होते. तेव्हा १३ व्होल्टच्या वरचा आकडा दिसतो. तो प्लेटांच्या पृष्ठभागावरचा तात्पुरता चार्ज असतो. रात्रभर थांबणे शक्य नसेल, तर आतले काही दिवे पाच मिनिटे लावून बंद करावेत, अर्धा तास थांबावे आणि मग मोजावे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीसाठी (या पानावर ‘लिथियम’ म्हणजे हीच) व्होल्टमीटर जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण ९० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत तिचे व्होल्टेज फारसे हलतच नाही. तिथे आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा शंट-आधारित मॉनिटरच हवा.

५. सगळे बंद असूनही काहीतरी करंट खात आहे. ते शोधायचे कसे?

यासाठी मिलिअँपिअर मोजू शकणारा डीसी क्लॅम्प मीटर सर्वांत सोयीचा. तो ऋण टर्मिनलच्या वायरीभोवती नुसता अडकवला की काम होते. साधा मल्टिमीटर वापरायचा असेल, तर ऋण वायर काढून मीटर वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडावा लागतो, आणि सुरुवात १० अँपिअरच्या खाचेतूनच करावी लागते. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवू नये. मीटरचा फ्यूज तत्क्षणी उडतो.

जोडल्यावर पहिला आकडा पाहून घाबरू नये. वायर पुन्हा जोडली जाताच गाडीचा संगणक जागा होतो आणि काही अँपिअर घेतो. त्याला झोपी जाण्यास अर्धा तास, काही गाड्यांत त्याहूनही अधिक लागतो. दार उघडे ठेवून फ्यूजपेटीशी काम करायचे असेल, तर दाराच्या कुलपाची खिटी स्क्रू-ड्रायव्हरने दाबून ‘बंद’ स्थितीत न्यावी, म्हणजे दार बंद असल्याची गाडीची समजूत होते. दार उघडण्यापूर्वी हँडल ओढून ती खिटी सोडवण्यास विसरू नये. आकडा स्थिरावल्यावर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजसरशी आकडा घसरतो, त्या मार्गावर चोर आहे. २० ते ५० मिलिअँपिअर ही सामान्य मर्यादा मानतात. हाऊस बॅटरीच्या बाजूला सापडणारे नेहमीचे संशयित म्हणजे भार नसतानाही अर्धा-एक अँपिअर घेणारा इन्व्हर्टर, टीव्हीचा अँटेना-बूस्टर, यूएसबी सॉकेट आणि कंट्रोल पॅनेलचा स्वतःचा डिस्प्ले.

६. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन चालू ठेवले तर पुरेसे नाही का?

नाही, आणि बहुतेक वेळा त्याने तोटाच होतो. थंड इंजिन सुरू करण्यात खर्च झालेली ऊर्जा भरून काढण्यातच त्यांतली काही मिनिटे जातात, इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) पूर्ण क्षमतेने करंट देत नाही, आणि शिसे-आम्ल बॅटरीचा शेवटचा २० टक्के भाग भरण्यास कितीही मोठा अल्टरनेटर असला तरी अनेक तासच लागतात. शिवाय पुरेसे न तापलेले इंजिन बंद केल्याने तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठते. गाडी चालवूनच बॅटरी भरायची असेल, तर तासाभराचा खरा प्रवास करावा.

७. बाहेरून वीज उपलब्ध आहे. चार्जर महिनोन्‌महिने लावून ठेवला तर चालेल का?

चार्जर कोणत्या प्रकारचा आहे यावर ते अवलंबून आहे. टप्प्याटप्प्याने चार्ज करणारा आधुनिक चार्जर आधी पूर्ण करंट देतो, मग १४.४ व्होल्टच्या आसपास थांबून उरलेला भाग भरतो आणि शेवटी १३.५ ते १३.८ व्होल्टच्या ‘फ्लोट’ टप्प्यावर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती भरलेली राखण्यावर, उतरतो. अशा चार्जरवर बॅटरी निर्धास्तपणे ठेवता येते. मात्र चार्जरवरची सेटिंग बॅटरीच्या प्रकाराशी जुळलेली असावी: जेल बॅटरीला (हिच्यातील आम्ल जेलीसारखे घट्ट केलेले असते) १४.४ व्होल्ट हा चार्ज जास्त होतो, तिला सुमारे १४.१ ते १४.२ ची मर्यादा असते.

व्होल्टेज आपण होऊन कमी न करणारे जुने चार्जर सतत लावून ठेवू नयेत. ते पाणी उडवतात आणि प्लेटा उघड्या पाडतात. असा चार्जर असेल, तर महिन्यातून एकदा रात्रभर लावून काढून ठेवणे चांगले. साधा टायमर वापरूनही हे साधते. पाणी घालावी लागणाऱ्या बॅटरीची झाकणे दर महिन्या-दीड महिन्याने उघडून टॉर्चच्या प्रकाशात पाहावे: प्लेटांच्या कडा कोरड्या, मळकट दिसू लागल्या असतील तर उशीर झालेला आहे. फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरावे आणि प्लेटा उघड्या पडल्या नसतील, तर ते चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालावे, कारण चार्ज होताना द्रवाची पातळी चढते आणि आधी काठोकाठ भरलेले आम्ल बाहेर येते.

८. वीज उपलब्ध नाही. केवळ उभ्या गाडीसाठी सोलर पॅनेल किती वॅटचे लागेल?

हे गणित आधी खर्चाकडून मांडावे. ५० मिलिअँपिअरचा सततचा खर्च म्हणजे दिवसाला सुमारे १५ वॅट-तास. स्वच्छ उन्हाळी दिवसात १०० वॅटचे छतावरचे पॅनेल याच्या वीस-तीस पट देऊ शकते, म्हणून कागदावर १० वॅटचे पॅनेलही पुरते. पण विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत ढगाळ हिवाळ्यात हेच उत्पादन पाचव्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली येते, आणि गाडी नेमकी त्याच काळात उभी असते. माझ्या मते छोट्या, काचेमागे ठेवायच्या पॅनेलवर पैसे घालवू नयेत. काच आणि चुकीचा कोन मिळून त्याचे बहुतेक उत्पादन खातात. छतावर ८० ते १०० वॅट आणि सोबत कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारा करंट नियंत्रित करणारे उपकरण) हा हिशोब हिवाळ्यातही बऱ्यापैकी टिकतो.

सावलीचा प्रश्न वॅटपेक्षा मोठा आहे. पॅनेलमधील सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, त्यामुळे एअर-व्हेंटची किंवा फांदीची पट्टीएवढी सावलीही उत्पादनाचा मोठा हिस्सा घालवू शकते. झाडाखाली गाडी थंड राहते, पण सोलरसाठी ती जागा वाईट. आणि अंगावर कापडी आच्छादन घालून ठेवलेल्या गाडीत सोलर आहे की नाही याने काहीच फरक पडत नाही.

९. सोलर कंट्रोलर रोज हिरवा दिवा दाखवत होता, तरीही बॅटरी दोन वर्षांत गेली. असे का?

हिरव्या दिव्याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की, व्होल्टेज ठरलेल्या पातळीला पोहोचले. पोहोचल्यावर ते तिथे पुरेसा वेळ टिकले का, हे तो सांगत नाही. स्वस्त कंट्रोलर १४.४ व्होल्ट दिसताच काही मिनिटांत फ्लोटवर उतरतात आणि बॅटरी रोज ८५-९० टक्क्यांवरच राहते. वर्षभरात उरलेल्या भागावर सल्फेटचा थर बसतो. शक्य असल्यास कंट्रोलरमधील दुसऱ्या, म्हणजे १४.४ व्होल्टच्या टप्प्याचा वेळ वाढवावा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकदा वीजजोडणीवरच्या चांगल्या चार्जरने बॅटरी पूर्ण भरावी.

जोडणीचा क्रमही महत्त्वाचा आहे: आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल, काढताना आधी पॅनेल. पॅनेल उन्हात असताना बॅटरी काढून घेतल्यास काही कंट्रोलर जळतात.

१०. सोलर फक्त हाऊस बॅटरीला जोडलेले आहे. स्टार्टर बॅटरीचे काय?

तीन मार्ग आहेत. काही सोलर कंट्रोलरना स्टार्टर बॅटरीसाठी छोटे दुसरे आउटपुट असते. एक-दोन अँपिअर मिळाले तरी उभ्या गाडीला ते पुरून उरतात. तसे नसेल, तर हाऊस बॅटरी भरल्यावर तिच्यातून स्टार्टर बॅटरीला थोडा करंट सोडणारे स्वतंत्र छोटे उपकरण बसवता येते. तिसरा मार्ग दोन्ही दिशांनी काम करणाऱ्या व्होल्टेज-संवेदी रिलेचा, म्हणजे व्होल्टेज पाहून आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचचा: हाऊस बॅटरीचे व्होल्टेज १३.३ च्या आसपास चढले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या खाली आले की तोडतो. परंतु हाऊस बॅटरी लिथियमची असेल, तर हा रिले वापरू नये. विश्रांतीतही तिचे व्होल्टेज १३.३ च्या आसपास असते, त्यामुळे सूर्य मावळल्यानंतरही रिले तुटत नाही आणि लिथियम बॅटरी रात्रभर शेजारणीला पोसत बसते.

११. मुख्य कटऑफ स्विच बंद केला की निर्धास्त राहता येईल का?

बऱ्याच अंशी. प्रश्न २ मधील दुसरी वाट त्याने बंद होते, पहिली होत नाही. दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. सोलर कंट्रोलरची वायर स्विचच्या पुढे, भाराच्या बाजूला जोडलेली असेल, तर स्विच बंद करताच चार्जिंगही थांबते आणि बॅटरीविना पॅनेलचा धोका (प्रश्न ९) उभा राहतो. ती वायर फ्यूजसह थेट बॅटरीवर आणावी. दुसरे म्हणजे, गॅस-सूचक यंत्र अनेकदा मुद्दाम स्विचला वळसा घालून जोडलेले असते. स्विच नसेल आणि वायरच काढायची असेल, तर ऋण आधी काढावी आणि शेवटी जोडावी, म्हणजे पाना गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. स्टार्टर बॅटरी तोडण्यापूर्वी रेडिओचा कोड हाताशी ठेवावा, अलार्म बंद राहणार हे लक्षात घ्यावे, आणि ज्या गाड्यांची दारे विजेवरच उघडतात त्यांची किल्ली आत ठेवू नये.

१२. लिथियम बॅटरीही पूर्ण भरून ठेवायची का?

नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीवर सल्फेट जमत नाही, त्यामुळे अर्धवट भरलेली असणे तिला बाधत नाही. उलट, दीर्घकाळ १०० टक्के भरलेली आणि गरम जागेत राहिली तर ती हळूहळू क्षमता गमावते. दोन-तीन महिने गाडी उभी राहणार असेल, तर ती ५० ते ६० टक्क्यांवर आणून सर्व भार तोडावा आणि चार्जरही काढावा. सोलर जोडलेलेच ठेवायचे असेल, तर फ्लोट १३.४ व्होल्टच्या आसपास ठेवावा.

खरी भीती दुसऱ्या टोकाची आहे. बॅटरीतील संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, खालच्या मर्यादेवर सर्व मार्ग तोडते, पण ते स्वतः अतिशय अल्प करंट घेतच राहते. मर्यादेला टेकलेली बॅटरी तशीच कित्येक महिने राहिली, तर सेल धोक्याच्या पातळीखाली जातात, आणि तशा सेलना नंतर जबरदस्तीने चार्ज करणे असुरक्षित असते.

१३. कडाक्याची थंडी किंवा कडक ऊन यांत वेगळे काय करावे?

पूर्ण भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीतील आम्ल उणे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. पूर्ण उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरते आणि ते उणे १० अंशांच्या आधीच गोठू शकते. कवच फुगले असेल, तर ती बॅटरी चार्ज करू नये. लिथियमबाबत उलट दक्षता हवी: ती थंडीत पडून राहू शकते, पण शून्य अंशाखाली तिला चार्ज केले, तर सेलच्या आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि तो परत जात नाही. बीएमएसमध्ये थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय आहे का, हे सोलर जोडलेले ठेवण्यापूर्वीच पाहावे.

उन्हात बॅटरीचे वय झपाट्याने सरते. शिसे-आम्ल बॅटरीसाठी चार्जरला तापमान-संवेदक असावा. २५ अंशांच्या वर दर अंशाला चार्जिंगचे व्होल्टेज सुमारे ०.०२ ते ०.०३ ने कमी व्हायला हवे. लिथियमसाठी ही सवलत बंद ठेवावी.

१४. गाडी उभी आहे, पण आम्ही तिच्यात राहतो आहोत. रोज किती वापर चालेल?

शिसे-आम्ल बॅटरीच्या लेबलवरील क्षमतेच्या निम्म्यापर्यंत, लिथियमच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज दिवसाला साधारण ३० ते ४० अँपिअर-तास घेतो, म्हणजे १०० अँपिअर-तासांची एजीएम बॅटरी सोलरशिवाय जेमतेम दीड दिवस पुरते. गॅसवरही चालणारा शोषण-पद्धतीचा फ्रिज उभ्या गाडीत १२ व्होल्टवर मुळीच चालवू नये. तो १० अँपिअरच्या वर करंट घेतो आणि तेवढीच बॅटरी पाच तासांच्या आत निम्मी करतो. इन्व्हर्टरवर १,००० वॅटची किटली लावली, तर बॅटरीतून ९० अँपिअरच्या आसपास खेचले जातात. पाणी गॅसवर तापवावे.

१५. एक जुनी बॅटरी आहे. शेजारी नवी जोडून क्षमता वाढवू का?

नको. समांतर जोडल्यावर कमकुवत बॅटरी सशक्त बॅटरीला सतत ओढते, आणि उभ्या गाडीत हा खेळ रात्रंदिवस चालतो. एकाच प्रकारच्या, क्षमतेच्या आणि वयाच्या बॅटऱ्या जोडाव्यात, आणि धन वायर एका टोकाच्या बॅटरीवरून, ऋण दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून घ्यावी, म्हणजे भार दोघींवर समान पडतो.

१६. बॅटरी इतकी उतरली आहे की चार्जर तिला ओळखतच नाही. काही उपाय?

अनेक चार्जर ठरावीक व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत. शिसे-आम्ल बॅटरी असेल, तर त्याच प्रकारची एक भरलेली बॅटरी जंपर केबलने धन-धन, ऋण-ऋण जोडावी, चार्जर सुरू करावा आणि काही मिनिटांनी मदतनीस बॅटरी काढावी. यादरम्यान तेथून हलू नये. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ज्योत दूर ठेवावी. कवच हाताला चटका बसेल इतके तापले किंवा सडक्या अंड्यांसारखा वास आला, तर चार्जर लगेच बंद करून बॅटरीचा नाद सोडावा.

पूर्ण चार्जिंगनंतर रात्रभर ठेवून १०.५ व्होल्टच्या आसपास आकडा येत असेल, तर सहापैकी एक सेल गेलेला आहे. कोणतेही ‘पुनरुज्जीवन’ करणारे यंत्र तो परत आणत नाही. आकडा १२.६ येतो, पण दिवे लावताच व्होल्टेज ११ च्या खाली कोसळते, अशी बॅटरी दुकानात भार-चाचणी करून घ्यावी. तिच्यात व्होल्टेज आहे, साठा नाही. लिथियम बॅटरी शून्य किंवा विचित्र आकडा दाखवत असेल, तर बहुधा बीएमएसने मार्ग तोडलेला असतो. लिथियमला जागे करण्याची सोय असलेल्या चार्जरनेच ती उठवावी, आणि प्रश्न १२ मध्ये सांगितल्याप्रमाणे ती महिनोन्‌महिने तशीच पडलेली असेल, तर जाणकाराकडून सेल तपासून घेतल्याशिवाय चार्जर लावू नये.